ऐकणे आणि ऐकीव

१/
१९३३ सालच्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क शहरात तीन दिवसांच्या अंतराने दोन ध्वनिमुद्रणे झाली. २४ तारखेला ब्लूज गायनाची सम्राज्ञी बेसी स्मिथ गायल्या. ते त्यांचे अखेरचे ध्वनिमुद्रण ठरले. २७ तारखेला बिली हॉलिडे नावाची अठरा वर्षांची मुलगी आयुष्यात प्रथमच ध्वनिमुद्रणासाठी उभी राहिली. ही दोन्ही ध्वनिमुद्रणे एकाच माणसाने घडवून आणली होती. त्याचे नाव जॉन हॅमंड, वय अवघे बावीस.

२/
हॅमंड यांचा जन्म १५ डिसेंबर १९१० चा. आई व्हँडरबिल्ट या धनाढ्य घराण्यातली. न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या हवेलीत दिवाणखान्याचे संगीत वेगळे आणि नोकरांच्या खोल्यांमधले वेगळे. लहानगा जॉन नोकरांच्या खोल्यांकडे वळला. तिथल्या ग्रामोफोनवर त्याला जे ऐकू आले, त्याने त्याच्या आयुष्याची दिशा ठरवली. पुढे येल विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट सोडून हा तरुण हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या क्लबांमध्ये रात्री घालवू लागला.

३/
अशाच एका क्लबात १९३३ च्या प्रारंभी त्यांनी बिली हॉलिडेला ऐकले. तिचा आवाज मोठा नव्हता. पण लयीच्या किंचित मागे राहून शब्द टाकण्याची तिची रीत कोणाचीही उसनी नव्हती. ती हॅमंड यांच्या कानांनी तत्काळ टिपली. १९३६ मध्ये शिकागोत असताना मोटारीतल्या रेडिओवर त्यांना कॅन्सस सिटीच्या एका क्लबातून प्रसारित होणारे वादन ऐकू आले. तो काउंट बेसी यांचा वाद्यवृंद होता. तो प्रत्यक्ष ऐकण्यासाठी हॅमंड शेकडो मैल दूर कॅन्सस सिटीला गेले.

४/
मात्र ते करार करण्याआधीच डेका कंपनीचा माणूस तिथे पोहोचला होता. तबकड्यांच्या २४ बाजूंसाठी ७५० डॉलर आणि रॉयल्टी काहीच नाही, अशा करारावर काउंट बेसी यांनी सही केली होती. एका बाजूवर एक गाणे, म्हणजे प्रत्येक गाण्याला जेमतेम ३१ डॉलर, आणि तेही साऱ्या वाद्यवृंदाचे मिळून. पण डेकाला दोष देताना १९३३ कडेही पाहावे लागते. स्वतः हॅमंड यांनी घडवलेल्या त्या अखेरच्या ध्वनिमुद्रणात बेसी स्मिथ यांना प्रत्येक गाण्याचे ३७.५० डॉलर मिळाले, रॉयल्टीशिवाय. कलावंतावर मनापासून प्रेम करणारा माणूसही त्या व्यवसायाच्या रिवाजाबाहेर नव्हता.

५/
२६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपी राज्यात मोटार अपघातानंतर बेसी स्मिथ यांचे निधन झाले. काही आठवड्यांनी ‘डाउनबीट’ मासिकात हॅमंड यांचा लेख आला. गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्यांना दारातूनच परत पाठवले आणि उपचारांची वाट पाहताना रक्तस्रावाने त्या गेल्या काय, असा सवाल त्यात होता. सवाल लवकरच गळून पडला. विधान तेवढे उरले.

६/
हॅमंड यांना ती कहाणी खरी का वाटली असेल, हे समजण्याजोगे आहे. अलाबामात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर चाललेल्या स्कॉट्सबरो खटल्याचे वार्तांकन त्यांनी केले होते. दक्षिणेतला न्याय त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यामुळे कानावर आलेली गोष्ट पारखून घेण्याची गरज त्यांना भासली नसावी.

७/
प्रत्यक्षात घडले ते वेगळे. अपघातस्थळी योगायोगाने आलेल्या एका गोऱ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर प्रथमोपचार केले. तिथून त्यांना थेट क्लार्क्सडेल गावातल्या कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेण्यात आले. तिथे त्यांचा हात कापावा लागला, पण प्राण वाचले नाहीत. गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्यांना नाकारले नाही, कारण तिथे त्यांना कोणी नेलेच नव्हते. वंशभेद इतका मुरलेला होता, की नकार देण्याचीही वेळ येत नसे. अफवेपेक्षा हे सत्य अधिक भीषण आहे, आणि अफवेने तेच झाकून टाकले.

८/
२३ डिसेंबर १९३८ रोजी हॅमंड यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ‘फ्रॉम स्पिरिच्युअल्स टू स्विंग’ ही मैफल भरवली आणि ती बेसी स्मिथ यांच्या स्मृतीस अर्पण केली. मिसिसिपीचे ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन यांनाही ते बोलावणार होते. शोध घेतल्यावर कळले, की जॉन्सन ऑगस्टमध्येच वारले. तेव्हा त्या रात्री रंगमंचावरून त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका वाजवण्यात आल्या.

९/
पुढची यादी थक्क करणारी आहे. १९६० मध्ये अठरा वर्षांच्या अरेथा फ्रँकलिन यांना हॅमंड यांनी कोलंबिया कंपनीत आणले. मात्र त्यांचा आवाज खऱ्या अर्थाने फुलला तो १९६७ मध्ये, दुसऱ्या कंपनीत. १९६१ मध्ये त्यांनी बॉब डिलन यांना करारबद्ध केले. पहिला अल्बम जेमतेम पाच हजार खपला, तेव्हा सहकारी डिलन यांना ‘हॅमंडचा खुळेपणा’ म्हणत. १९७२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन आले. १० जुलै १९८७ रोजी हॅमंड यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या कानांविषयी कोणालाच शंका उरली नव्हती.

१०/
ऐकण्यात न चुकणारा हा माणूस ऐकीव गोष्टीत मात्र चुकला. गायकाचा सूर पारखताना ते स्वतः जागेवर जात, पुन्हा पुन्हा ऐकत. बातमीच्या बाबतीत ते तसे वागले नाहीत. पुढे बेसी स्मिथ यांच्या चरित्रकाराजवळ त्यांनी मान्य केले, की तो लेख ऐकीव माहितीवर बेतलेला होता. तोवर त्या अफवेवर एडवर्ड ऑल्बी यांचे नाटकही रंगभूमीवर येऊन गेले होते.

११/
एवढी सारी वर्षे फिलाडेल्फियाजवळच्या दफनभूमीत बेसी स्मिथ यांच्या कबरीवर नावाची शिळाही नव्हती. ती बसली ऑगस्ट १९७० मध्ये, मृत्यूनंतर जवळजवळ ३३ वर्षांनी. तिचा खर्च कोणत्याही ध्वनिमुद्रिका कंपनीने केला नाही. गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसी स्मिथ यांच्या घरी काम केलेल्या हुआनिता ग्रीन, अशा दोघींनी मिळून तो केला.