मीठ कमी केलंय हो, मॅडम

तालुक्याच्या दवाखान्यात बीपीच्या पेशंटना खाण्यापिण्याचं समजावून सांगायचं काम माझ्याकडे आहे. डॉक्टर केसपेपरवर ‘मीठ कमी’ असं लिहितात आणि पेशंटला माझ्या टेबलाकडे पाठवतात. ‘मीठ कमी केलंत का?’ या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं : ‘कधीच केलंय हो मॅडम, आमटीत चिमूटभरच घालते.’ कुणी खोटं बोलत नाही. फक्त ती अळणी आमटी घशाखाली उतरावी म्हणून ताटात लोणचं-पापड येतो, चहाबरोबर खारी आणि संध्याकाळी फरसाण. काही जण तर ‘आम्ही सैंधव वापरतो’ म्हणून निर्धास्त असतात. सैंधव झालं तरी ते सोडियम क्लोराइडच.

हल्ली मी उपदेश आवरता घेते आणि सांगते, ‘घरातली पाकिटं घेऊन या, रिकामी चालतील.’

एका मावशींनी फरसाणाचं पाकीट नीट घडी घालून आणलं. शिक्षण आठवी, पण बचत गटाची वही त्यांच्याकडे, त्यामुळे हिशेब चोख. पाकिटामागचा मजकूर मात्र इंग्रजीत. कायद्याला इंग्रजी किंवा हिंदी पुरते, मराठीची सक्ती नाही. शिवाय अक्षर इतकं बारीक, की चाळिशी लावूनही डोळे बारीक करावे लागतात. मी ‘सोडियम’ची ओळ दाखवली. १०० ग्रॅममागे ९०० मिलिग्रॅम. ‘याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ निघेल.’ त्यांनी केसपेपरच्या मागेच गुणाकार मांडला. २२५०. ‘म्हणजे सव्वादोन ग्रॅम. आणि पाकीट दोनशेचं, म्हणजे साडेचार.’ दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट चमचाभर. मावशी म्हणाल्या, ‘अगं बाई, आमचे हे टीव्हीपुढे बसून एकटे संपवतात की!’

त्याच पाकिटावर ‘एक वाढणी ३० ग्रॅम’ असंही छापलेलं होतं. तीस ग्रॅमवर हात आखडणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

चिलीमध्ये २०१६ पासून जास्त मीठ-साखरेच्या पाकिटावर पुढेच काळा अष्टकोनी इशारा असतो. अक्षरओळख नसली तरी तो कळतो. आपल्याकडे दर्शनी इशाऱ्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तोवर रुग्णांनीच गुणाकार करायचे, हे मला पटत नाही. पण दुसरा उपाय माझ्या हातात नाही.

पुढच्या खेपेला मावशी आल्या त्या गटाचे उडदाचे पापड घेऊन. ‘यावर सोडियम लिहिलेलंच नाही. आता?’

‘तुम्हीच करता ना? किलोला मीठ किती घालता ते सांगा.’

आकडा सांगता सांगता त्या थांबल्या. ‘पापडखारपण धरायचा का?’

‘धरायचा. त्यातही सोडियमच.’

‘मग आमच्या बायकांना हे तुम्हीच येऊन सांगा,’ त्या म्हणाल्या, ‘माझं कुणी ऐकायचं नाही. खार कमी केला, की पापड फुलत नाही म्हणतील.’