अनुभव नाही? कोण म्हणतं?

‘रिसेप्शनिस्ट पाहिजे. अनुभव आवश्यक. आकर्षक व्यक्तिमत्त्व, अस्खलित इंग्रजी.’ दवाखान्यांच्या जाहिरातीत हे शब्द अजूनही सापडतात. त्यातल्या व्यक्तिमत्त्वाचा अर्थ काय असतो ते आपल्याला ठाऊक आहे. अनुभवाची अट मात्र सरळ वाटते, म्हणून तिच्याबद्दलच बोलू.

बारावीनंतर वर्षभर मी पुण्यात अशा मुलाखती देत फिरले. पहिल्यांदा काउंटरवर कोणाला बसवतात? जिचा मामा किंवा ओळखीचा डॉक्टर आत आहे, तिला. तिला ‘ट्रेनिंग’ देतात, बाकीच्यांकडे अनुभव मागतात. आडनाव विचारून झाल्यावर ‘राहायला कुठे?’ हा प्रश्न का येतो, हे वस्तीतल्या मुलींना समजावून सांगायला नको.

शेवटी एका धर्मादाय रुग्णालयात ओपीडीच्या काउंटरवर लागले, तेही आधीची मुलगी बाळंतपणाला गेली म्हणून. पगार नऊ हजार. कॉम्प्युटरवर नोंदणी, केस पेपर, अपॉइंटमेंट, कॅशलेसचे कागद, डॉक्टरांसाठी ताटकळलेल्या एमआरना थोपवणं, हे सगळं तीन आठवड्यांत जमलं. अस्खलित इंग्रजी कोणाशी बोलायची होती, ते मात्र कळलं नाही. येणारे बहुतेक मराठी-हिंदीच बोलायचे.

जे कोणी शिकवावं लागलं नाही, ते याहून मोठं होतं. आजीचा हात धरून सरकारी दवाखान्याच्या रांगेत मी सहावीपासून उभी राहिले आहे. त्यामुळे एखादी बाई कागद पुढे करून नुसतीच गप्प उभी राहिली, की तिला वाचता येत नाही हे लगेच कळायचं. खिशात पैसे नसलेला माणूस आधी फी विचारत नाही. ‘डॉक्टर किती वाजेपर्यंत आहेत?’ विचारतो आणि बाहेर जाऊन फोन लावतो. हा अनुभव बायोडाटात कोणत्या रकान्यात लिहायचा?

व्यवस्थापनाला अडचण होते ती याच अनुभवाची. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. आमच्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, “स्कीमचं कुणी विचारलं तरच सांगायचं.” आता विचारणार कोण? ज्याला आधीच माहीत आहे तो. नियमाप्रमाणे पाटी लावलेली होती, पण तिच्यापुढे प्लास्टिकच्या झाडाची भलीमोठी कुंडी.

मी सांगत राहिले. रेशन कार्ड आणा, नाहीतर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा, सोशल वर्करना भेटा. दोनेक महिन्यांनी बाई म्हणाल्या, “तुझे लोक फार यायला लागलेत हं.” माझे लोक! त्यात मावळातले मराठा शेतकरी होते, मुस्लिम रिक्षावाले होते, एका देवळातले पुजारीकाकाही होते. गरीब दिसला की तो आमचाच, हे बाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुजारीकाकांना वाटलं असतं कदाचित.

अर्ज करणाऱ्या बहिणींनो, ‘अनुभव: नाही’ असं लिहू नका. घरच्यांचं आजारपण निभावलं असेल, शेजाऱ्यांचे फॉर्म भरले असतील, १४ एप्रिलला रक्तदान शिबिराची नोंदवही सांभाळली असेल, तर तसं स्पष्ट लिहा. मराठी आणि इंग्रजी टायपिंग करून जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेला कोणते कागद लागतात ते पाठ करून जा, मुलाखत घेणाऱ्यालाही ते पुष्कळदा माहीत नसतं. आणि रुजू झालात की त्याच दिवशी नियुक्तिपत्र मागा. मला ते मिळायला चौदा महिने लागले.