सोनेरी दरीतील कडू पेला

बेल्जियम देशाच्या दक्षिण टोकास, फ्रान्सच्या सरहद्दीला खेटून, ओर्वाल नावाचा एक मठ आहे. ब्रुसेल्सहून आगगाडीने लिब्रामोंपर्यंत, तेथे गाडी बदलून फ्लोरेंव्हिलपर्यंत आणि पुढे सात-आठ किलोमीटर सडकेने, असा तेथला प्रवास. वाटेत दाट अरण्य लागते. ते संपते न संपते तोच पिवळसर दगडाचे भव्य मंदिर समोर उभे राहते. दर्शनी भिंतीवर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची प्रचंड मूर्ती कोरलेली असून खालच्या जलाशयात तिचे प्रतिबिंब पडते. आम्ही चौघे बेळगावकडचे प्रवासी तेथे पोहोचलो, तेव्हा कोणी काही बोलले नाही.

ओर्वाल म्हणजे सोन्याची दरी. आख्यायिका अशी की, तस्कनीची सरदारीण मातिल्दा हिची अंगठी येथील झऱ्यात पडली. पतीच्या निधनानंतर तिच्याजवळ उरलेली ती खूण होती. तिने मरियामातेचा धावा केला आणि ट्राउट जातीचा एक मासा तोंडात अंगठी धरून वर आला. तो झरा आजही भग्नावशेषांत वाहतो, आणि तो मासा मठाच्या बिअरच्या बाटलीवर चिन्ह होऊन बसला आहे!

होय, बिअरच. खरा इतिहास ऐकल्यावाचून याचा उलगडा होणार नाही. इटलीतील कालाब्रिया प्रांताच्या मठवाशांनी १०७० साली येथे वस्ती केली. ११३२ साली सिस्टर्सियन संघाचे बंधू आले. १७९३ साली फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने सारे जाळून उद्ध्वस्त केले, आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तेथे केवळ भिंती उभ्या होत्या. १९२६ साली पुन्हा उभारणी सुरू झाली. एवढे मंदिर बांधावयाचे तर द्रव्य कोठून आणावे? म्हणून १९३१ साली मठाच्या आवारात बिअरचा कारखाना काढण्यात आला, आणि १९४८ साली नव्या मंदिराचे पवित्रीकरण झाले.

मठाजवळ ‘रक्षकदूत’ या अर्थाच्या नावाची खानावळ आहे. तेथे आम्ही ही बिअर प्रथम मागविली. मिस्साच्या चषकाची आठवण करून देणारा पेला आला. मठाचे वास्तुशिल्पी आँरी व्हेस यांनीच तो आखला आहे. वाढणाऱ्याने बाटली सावकाश कलती केली व तळाचा गाळ बाटलीतच राहू दिला. नारिंगी झाक असलेल्या तांबूस पेयावर पांढऱ्या फेसाचा जाड थर चढला. लिंबाची साल आणि वाळके गवत यांसारखा वास आला. मग पहिला घोट! लहानपणी ताप आला की आजी काडेचिराइताचा काढा नाक दाबून पाजीत असे, त्याचे स्मरण झाले. परंतु चिराइताचा कडूपणा जिभेवर ठाण मांडतो. हा मात्र तोंड कोरडे करून निघून जातो, आणि मागे दुसऱ्या घोटाची इच्छा ठेवतो. धोका नेमका तेथेच आहे, असे आम्हास वाटले. बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण शेकडा ६.२ छापलेले असते. काजूच्या फेणीपुढे हे काहीच नव्हे. पण जेवणाबरोबर पाण्यासारखे पिण्याचेही हे पेय नव्हे.

हा कडूपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड यांनी बाराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की, या वनस्पतीच्या कडूपणाने पेय लवकर नासत नाही. मात्र तिने मनुष्याचे मन खिन्न होते, असेही त्यांनी बजावले आहे. पुढे विलायतेहून मुंबई-कलकत्त्यास गलबतांतून बिअर येई, तीतही प्रवासात टिकावी म्हणून हॉप्स भरपूर घालीत. ओर्वालचे बंधू ही फुले शिजविताना तर घालतातच, शिवाय आंबवण झाल्यावर पुन्हा भिजत ठेवतात. बाटलीत भरतानाही साखर व ताजे यीस्ट घालतात, त्यामुळे पेय बाटलीतच वर्षानुवर्षे पालटत राहते. ताजे असताना कडू, जुने होता होता कडूपणा ओसरतो.

आमच्यातील वडीलधारे गृहस्थ, ज्यांस आम्ही आबा म्हणतो, त्यांनी पेल्यास हात लावला नाही. त्यांच्या वडिलांच्या दारूपायी घरची जमीन गेली आणि आईने दुसऱ्यांच्या शेतांत खुरपण करून मुले वाढविली, हे आम्हास ठाऊक होते. “संन्याशांनी दारू गाळावी काय?” त्यांनी सरळ विचारले.

आम्ही जमेल तसे सांगितले. संत बेनेडिक्ट यांनी मठवाशांना स्वतःच्या श्रमावर जगण्यास सांगितले आहे. मद्य न घेणेच बरे, पण घ्यावयाचे तर माफक, असाही त्यांचा नियम आहे. ट्रॅपिस्ट हे नाव लावावयाचे तर पेय मठाच्या आवारातच, बंधूंच्या देखरेखीखाली तयार व्हावे लागते, आणि मिळकत मठाच्या निर्वाहास व परोपकारास लावावी लागते. बंधूंसाठी तर याहून सौम्य बिअर वेगळी केली जाते.

आबांनी सारे शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “तुम्ही सांगता ते खरे असेल. पण आमच्या बापाच्या पेल्याला असा नियम घालणारा कोणी नव्हता.”

यावर आम्हापाशी उत्तर नव्हते. पेला मात्र आम्ही संपविला, हेही सांगितले पाहिजे. आबांनी मठातच तयार होणारे चीज आणि पाव मागविला, आवडीने खाल्ला आणि घरी मुलांना दाखविण्याकरिता मातिल्देच्या झऱ्याचे चित्र विकत घेतले. आम्ही एक बाटली सोबत आणली आहे. तिच्यावर भरल्याची तारीख असून ती पाच वर्षे ठेवता येते. कपाटाच्या खालच्या फळीवर, अंधारात, ती अद्याप उभी आहे.