लाओ मा

यूट्यूबवर 'यांचं नेमकं चुकलं कुठे' छापाचे व्हिडिओ असतात. एनबीएवरच्या अशा व्हिडिओंमध्ये स्टीफन मार्बरी हमखास भेटतो. शेवटचं वाक्यही ठरलेलं असतं, 'आणि मग तो चीनला गेला.' पडदा. जणू माणूस वारलाच.

मला ते वाक्य टोचतं. सांगलीहून मी नोकरीसाठी चेन्नईला आलो, तेव्हा लग्नाकार्यात भेटणारी प्रत्येक मावशी, काकू एकच विचारायची, "पुण्यात काहीच नाही का मिळालं रे?" लांब गेलेला माणूस काहीतरी हरूनच गेलेला असणार, हे आपण किती सहज धरून चालतो.

मार्बरी ब्रुकलिनच्या कोनी आयलंडमधला. सरकारी वसाहतीतलं घर, सात भावंडं. थोरले तिन्ही भाऊ बास्केटबॉलमध्ये चांगले होते, पण एनबीएपर्यंत एकही पोचला नाही. सगळ्या घराचं ते राहिलेलं स्वप्न याच्या डोक्यावर आलं. १९९६च्या ड्राफ्टमध्ये त्याची चौथ्या क्रमांकावर निवड झाली. मिनेसोटा, न्यू जर्सी, फिनिक्स असं करत २००४मध्ये तो न्यूयॉर्क निक्समध्ये, म्हणजे आपल्याच शहरात आला.

आणि तिथेच सगळं बिघडलं. प्रशिक्षकांशी खटके, प्रेक्षकांची हुर्यो, टॅब्लॉइडमध्ये रोज नाव. २००७च्या डिसेंबरमध्ये वडील गेले. पुढच्या हंगामात वीस मिलियन डॉलरहून जास्त पगार घेणारा हा माणूस संघात असून नसल्यासारखा होता, त्याला खेळवतच नव्हते. त्या काळात मरावंसं वाटत होतं, असं त्याने नंतर उघडपणे सांगितलंय.

याच माणसाने २००६मध्ये 'स्टारबरी' नावाचे बूट काढले होते. किंमत १४.९८ डॉलर. मोठ्या खेळाडूंच्या नावाचे बूट शंभर-दीडशे डॉलरला विकले जायचे, आणि त्याच्या वस्तीतल्या पोरांच्या आयांना ते परवडायचे नाहीत. तो स्वतः तेच स्वस्त बूट घालून एनबीएचे सामने खेळला. 'चुकलं कुठे'वाल्या व्हिडिओंत हे सहसा येत नाही.

२०१०च्या जानेवारीत तो शान्शी प्रांतातल्या संघाकडे गेला. शान्शी म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. चिनी भाषेत परदेशी खेळाडूला 'वाय-युआन' म्हणतात. शब्दशः अर्थ, बाहेरची मदत. परदेशी लीगमध्ये अमेरिकन खेळाडूचं आयुष्य या एका शब्दात मावतं. करार बहुतेकदा एका हंगामाचा. तू पॉइंट काढायचेस, कारण त्यासाठीच तुला आणलंय. चार सामने वाईट गेले की दुसरा अमेरिकन विमानात बसलेला असतो. भाषा येत नाही, आणि घरी फोन करावा तर तिकडे मध्यरात्र.

मार्बरीही पहिल्या तीन हंगामांत तीन शहरं फिरला. शान्शी, मग फोशान, मग २०११मध्ये बीजिंग डक्स. इथे तो थांबला. बीजिंगच्या मेट्रोतून प्रवास करणारा एनबीए ऑलस्टार लोकांनी पाहिला. चिनी सहकाऱ्यांना तो समजावायचा, पाठीवर हात ठेवायचा. चाहत्यांनी त्याचं नाव ठेवलं 'लाओ मा'. 'मा' हा मार्बरीतला, आणि 'लाओ' म्हणजे वयाने मोठा, आपल्यातला. दुसरं नाव त्याहून भारी, 'कमिसार मा'. सैन्याच्या तुकडीत जवानांचं मनोबल सांभाळणारा पक्षाचा अधिकारी असतो, तो. निक्समध्ये ज्याला संघ बिघडवणारा म्हणायचे, त्यालाच.

२०१२मध्ये बीजिंगने अंतिम फेरीत ग्वांगडोंगला ४-१ हरवलं. ग्वांगडोंग म्हणजे आधीची सलग चार वर्षं जिंकलेला संघ, आणि बीजिंगचं हे पहिलंच विजेतेपद. त्या रात्रीच्या चित्रफितीत मार्बरी ढसाढसा रडताना दिसतो. त्याच वर्षी स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. २०१४ आणि २०१५मध्ये आणखी दोन विजेतेपदं आली. त्याच्यावर संगीत नाटक झालं, त्यात तो स्वतः काम करायचा. पुढे चीनचं कायमचं राहण्याचं कार्डही मिळालं. ते फारच थोड्या परदेशी लोकांना मिळतं.

आता, यावरून 'बाहेर पडा, नशीब उघडेल' असं मला म्हणायचं नाही. मार्बरी तिकडे गेला तेव्हा खिशात एनबीएचे पैसे होते, पाठीशी नाव होतं. तुर्कस्तानातल्या किंवा फिलिपाइन्समधल्या एखाद्या संघात पगार थकलाय म्हणून रोज मॅनेजरकडे चकरा मारणाऱ्या खेळाडूकडे दोन्ही नसतं. त्याचा पुतळा होत नाही. आणि बीजिंगनेही मार्बरीला शेवटपर्यंत ठेवलं नाहीच. २०१७मध्ये डक्सने त्याला खेळाडू म्हणून पुढे घेतलं नाही. शेवटचा हंगाम तो त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाकडून खेळला आणि २०१८च्या फेब्रुवारीत, एकेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आसपास, थांबला.

पण थांबला तो बीजिंगमध्येच. एका संघाने नको म्हटल्यावर त्याने शहर सोडलं नाही, हे मला तिन्ही विजेतेपदांपेक्षा मोठं वाटतं. बाहेरची मदत म्हणून आलेल्या माणसाला कधीतरी तिथल्या मेट्रोचे थांबे पाठ होतात, आणि मग 'परत कधी जाणार' या प्रश्नाचं उत्तर द्यायची गरज त्याला वाटेनाशी होते. पुढच्याच वर्षी तो तिथे प्रशिक्षक झाला. त्याच शेवटच्या संघाचा.