ड्राक्युलासाठी सोलकढी

आमच्या घराण्यात आजवर कोणी कॉकटेल केलेलं नाही. काहींनी प्यायलेलं असावं असा दाट संशय आहे, पण त्याची नोंद कुठल्याच खात्यात सापडत नाही. ती पहिली नोंद पडली माझ्या नावावर, गेल्या आषाढात, मालवणातल्या आमच्याच स्वयंपाकघरात.

निमित्त कन्येच्या अठराव्या वाढदिवसाचं. बारावीनंतरच्या सुट्टीत तिने तीन इंग्रजी पुस्तकं वाचून काढली होती आणि त्याच सुट्टीत आमचं एका कागदावरून बिनसलं होतं. तिला मुंबईला जाऊन इंग्रजी साहित्यात बी.ए. करायचं होतं. मी बी.कॉम. ज्या विषयाची दिवसअखेर टॅली लागत नाही, तो माझ्या मते विषयच नव्हे. पालकाच्या सहीचं हमीपत्र पंधरा दिवस खणात पडून होतं, आणि आमचं बापलेकीचं बोलणं सौ.च्या मार्फत, म्हणजे क्लिअरिंगने, चाललं होतं.

"आई, बाबांना विचार, वाढदिवसाला गॉथिक कॉकटेल करतील का?"

"गॉथिक म्हणजे काय?" मी क्लिअरिंग टाळून थेट विचारलं.

"जुनं अंधारं घर, वादळी पाऊस, विझलेले दिवे आणि आता कोणीतरी येणार अशी भीती."

आता आषाढात आमच्या घरी याखेरीज दुसरं असतंच काय? आम्ही त्याला 'लाइट गेली' म्हणतो, आणि येणारा बहुधा वर्गणीवाला असतो.

अभ्यास म्हणून मी तिची पुस्तकं उघडली. ब्रॅम स्टोकरचा 'ड्राक्युला' १८९७ सालचा. त्यातला जोनाथन हार्कर पाहून मला भरून आलं. बिचारा वकिली कचेरीतला पोरगा, लंडनमधल्या जागेची कागदपत्रं घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जातो आणि अडकतो. आम्हा कागदवाल्यांची हीच गत! बरं, गिऱ्हाईक कसं? आरशात न दिसणारं. म्हणजे पासपोर्ट साइजचा फोटो येणार नाही. आमच्या काउंटरवर त्याचं केवायसीच झालं नसतं आणि पुढचं सगळं रक्त वाचलं असतं.

कॉकटेलमधून दारू मी पहिल्याच बैठकीत वजा केली. फेणी गोव्यात, मधे चेकनाका, आणि घरात आई. यातल्या तिसऱ्या कारणापुढे पहिली दोन किरकोळ. दारू वजा जाता शिल्लक राहिलं रंग, धूर आणि पाला.

खरी पाककृती मिळाली स्टीव्हन्सनच्या १८८६ सालच्या पुस्तकात. डॉक्टर जेकिल लालसर अर्कात कसलासा क्षार टाकतो. ते फसफसतं, वाफा सोडतं, लालाचं जांभळं होतं आणि जांभळ्याचं फिकट हिरवं. ते पिऊन सज्जन जेकिलचा दुर्जन हाइड होतो. मी म्हटलं, हे तर घरातच आहे! कोकमाच्या आंबट रसात खाण्याचा सोडा टाकला की तो फसफसतोच, आणि आंबटपणा मोडला की कोकमाचा तांबडा रंगही पालटतो.

बाजारातून कोकमाची बाटली आणली. चमचाभर सोडा टाकला. फेस वर आला, ग्लासाबाहेर आला आणि सौ.च्या नव्या टेबलक्लॉथवर स्थायिक झाला. रंग आधी जांभळा, मग शेवाळलेल्या विहिरीसारखा झाला. इथवर पुस्तकाबरहुकूम! मग धुरासाठी करवंटीचा निखारा फुलवून वाटीत ठेवला, त्यावर तूप आणि ओवा टाकला. धूर झाला, पण ग्लासात जायचं सोडून तो वाशांकडे गेला. शेजारचे गृहस्थ बादली घेऊन धावत आले.

"मेल्या, घराक आग लावतंस?" आई माजघरातून आली.

मी तिला जेकिलचं औषध समजावलं. हे प्यायलं की माणूस बदलतो.

"माणूस बदलूक औषध कित्याक व्हया? पगार झालो की बदलता," ती म्हणाली.

कन्येने एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "कपड्याच्या साबणासारखं लागतंय." पंधरा दिवसांतलं तिचं माझ्याशी पहिलं सरळ वाक्य!

"बाबा, जेकिलचंही पुढे असंच झालं," ती म्हणाली. "पहिला क्षार संपला. नवा आणून आणून थकला, पण औषध लागू पडेना. शेवटी त्याच्या लक्षात आलं, पहिल्या क्षारातच काहीतरी भेसळ होती, आणि सगळी करामत त्या भेसळीची होती."

आईला इंग्रजी येत नाही, पण तिने ऐकलं आणि फडताळातली बरणी काढली. मे महिन्यात पिकलेले रातांबे फोडून, त्यांना खडेमीठ लावून, रोज ढवळून तिने जमवलेलं ते आगळ. किती मीठ, किती दिवस, हे तिने कुठे लिहिलेलं नाही. मी एकदा लिहून मागितलं होतं, तर म्हणाली, "हाताक कळता."

मग तिनेच नारळाचा रस काढला. त्यात आगळ, ठेचलेली लसूण आणि मिरची, चुरडलेली तुळस आणि गवती चहाची पात टाकली. निखाऱ्याची वाटी पातेल्यात ठेवून वर घट्ट झाकण घातलं. धूर कोंडायचा असतो, ही साधी गोष्ट तीन इंग्रजी पुस्तकांत नव्हती.

"पण बाबा, लसूण?" कन्या हसली. "लसणीला तर ड्राक्युला घाबरतो!"

"मग एक ग्लास वाचला," मी म्हटलं.

तेवढ्यात लाइट गेली. झाकण उघडलं, आणि मेणबत्तीच्या उजेडात त्या गुलाबी सोलकढीवरून धूर असा उतरला की मी, अठरा वर्षं कॅश सांभाळलेला माणूस, एक पाऊल मागे सरलो.

पडवीत बसून प्यायलो. पाऊस कोसळत होता. कन्या सांगू लागली, १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्यापायी १८१६चा उन्हाळा युरोपात आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसात अडकलेल्या मंडळींना बायरन म्हणाला, प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहा. त्यातून पुढे मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन' निघालं. "तेव्हा ती अठरा वर्षांची होती, बाबा."

ते अठरा बरोबर माझ्या खणाच्या दिशेने आलं. मी सोलकढीचा घोट घेतला.

मग आईने गोष्ट सांगितली. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती या गावात आली. एकदा माहेराहून एकटी परतताना वाटेतच काळोख झाला. पुढे काठीचा आवाज. ती थांबली की काठी थांबे, ती चालली की काठी चाले. गावाचा देवचार!

"घराकडे पोचवल्यान तुका?" कन्येने विचारलं. एरवी ती मालवणी बोलत नाही.

"नाय गो. तो शिवेपर्यंत. फुडे आपला आपण चलाचा."

कोणी काही बोललं नाही. पन्हळीचं पाणी तेवढं वाजत होतं. मी उठलो, चाचपडत खण उघडला आणि हमीपत्र काढलं. सही केली.

आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळण्याचं माझं काम. ती सही नमुन्याशी अजिबात जुळत नव्हती. काउंटरवर आली असती, तर मी ती परत केली असती. पण लाइट नव्हती, आणि धूर फार झाला होता.