अंबरनाथ : नोंदलेला आणि न नोंदलेला इतिहास

१/ मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेले अंबरनाथ आज बहुतेकांना दोनच गोष्टींनी ठाऊक असते : प्राचीन शिवमंदिर आणि मुंबईच्या मानाने परवडणारी घरे. या दोहोंच्या मधल्या साडेनऊशे वर्षांत येथे काय घडले, हे सहसा कोणी विचारत नाही. उपनगराला इतिहास नसतो, तेथे केवळ लोकलचे वेळापत्रक असते, असा एक समज रूढ आहे. हा धागा त्या समजाविषयी.

२/ आरंभ शिलालेखापासून. मंदिराच्या उत्तरेकडील प्रवेशद्वारावर कोरलेला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. त्यात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मम्वाणी ऊर्फ मुम्मुणी या राजाचे नाव येते. बांधकामाला त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या कारकिर्दीत सुरुवात झाली असावी, असे अभ्यासक मानतात. लोककथेचे उत्तर निराळे आहे : पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधायला घेतले आणि उजाडल्यामुळे शिखर अपुरे राहिले.

३/ ही कथा निव्वळ कल्पनाविलास म्हणून सोडून देण्यासारखी नाही. मंदिर भूमिज शैलीचे असून काळ्या बेसाल्ट दगडात घडवलेले आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून गर्भगृहात जावे लागते आणि तेथे वर पाहिले की थेट आकाश दिसते. शिखराविना उभ्या असलेल्या या वास्तूचे कोडे प्रत्येक पिढीला पडले असणार. लेख वाचता न येणाऱ्या पिढ्यांनी त्याचे उत्तर कथेतून दिले.

४/ लेख पुन्हा वाचला गेला तो एकोणिसाव्या शतकात. डॉ. भाऊ दाजी लाड आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानांनी त्याच्या वाचनावर परिश्रम घेतले. १८६८ मध्ये मुंबईच्या जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेतील मंडळींनी मंदिराची मोजमापे घेतली, रेखाटने केली आणि शिल्पांचे साचे काढले. एका पडक्या देवळाला ‘स्मारक’ हा दर्जा मिळण्याची वाट या कागदांतून तयार झाली. ही गोष्ट पुढे पुन्हा आठवावी लागेल.

५/ त्याआधीच दुसरे युग सुरू झाले होते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्याकडे जाणारा फाटा खुला झाला. अंबरनाथ याच फाट्यावर आहे. रेल्वेला ओढ होती ती घाटापलीकडच्या पुण्याची आणि दख्खनच्या कापसाची. वाटेतले हे गाव तिच्या हिशेबात नव्हते. तरीही ज्या रुळांनी या गावाला ओलांडून पुढे जायचे होते, त्यांनीच पुढे त्याचे शहर केले.

६/ वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याची गरज असे. काकोळे गावाजवळचा जलाशय आजही ‘जीआयपी टँक’ या नावाने ओळखला जातो. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. कंपनी गेली, वाफेची इंजिने गेली. तिच्या नावाची तीन आद्याक्षरे मात्र एका पाणवठ्याला चिकटून राहिली.

७/ तिसरे युग काडेपेटीचे. १९२२ मध्ये सरकारने आयात काडेपेट्यांवर जबर जकात बसवली. तोवर हिंदुस्थानच्या बाजारात जपानी आणि स्वीडिश माल येत असे. जकातीवर तोड म्हणून स्वीडिश भांडवलाने येथेच कारखाने काढायचे ठरवले आणि त्यातून वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच ‘विम्को’, उभी राहिली. अंबरनाथचा कारखाना १९२० च्या दशकातला. मोकळी जमीन, दाराशी रेल्वे आणि मुंबईची बाजारपेठ हे तिन्ही योग येथे जुळत होते.

८/ काडेपेटी ही क्षुल्लक वस्तू वाटते, पण तिच्यामागे मोठी साखळी असते. ओंडके यायचे, ते सोलून लाकडाचे पातळ पापुद्रे निघायचे, त्यांच्या काड्या व्हायच्या, त्या मेणात बुडवून टोकाला गूल लावायचे, मग पेट्या भरायच्या. या कामासाठी आलेल्या माणसांनी गावाचे नगर केले. ‘शिप’ छापाची काडेपेटी देशभरच्या स्वयंपाकघरांत पोहोचली. ती बनवणारे हात मात्र इतिहासाच्या पुस्तकांत जवळजवळ कोठेच दिसत नाहीत.

९/ स्वातंत्र्यानंतर संरक्षण उत्पादनाची भर पडली. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी यांच्या वसाहतींमुळे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतली कुटुंबे येथे रुजली. शेजारी फाळणीतून आलेल्या सिंधी निर्वासितांचे उल्हासनगर उभे राहत होते. पुढे एमआयडीसीची औद्योगिक क्षेत्रे आली आणि रासायनिक कारखानेही आले. म्हणजे ‘मुंबईला जाणाऱ्यांचे गाव’ ही ओळख अलीकडची आहे. त्याआधी कित्येक दशके लोक येथे कामाला येत होते.

१०/ शासनाच्या नकाशातही हे शहर डळमळत राहिले. १९८३ मध्ये ते कल्याण महापालिकेत सामील झाले आणि १९९२ मध्ये बाहेर पडून त्याची पुन्हा स्वतंत्र नगरपरिषद झाली. १९९१ च्या जनगणनेत सुमारे सव्वा लाख असलेली लोकसंख्या २००१ मध्ये दोन लाखांच्या घरात आणि २०११ मध्ये अडीच लाखांच्या वर गेली. वीस वर्षांत दुप्पट. आज येथे राहणाऱ्या पुष्कळांना विम्कोचा कारखाना चालू असलेला आठवणार नाही, कारण तेव्हा ते येथे नव्हतेच.

११/ या साऱ्या युगांना जोडणारा एकच धागा आहे : वालधुनी नदी. काकोळ्याच्या बाजूने ती येते, मंदिराला वळसा घालते आणि उल्हासनगरमधून जाऊन कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. शिलाहारांच्या स्थपतींनी देवळासाठी तिचा काठ निवडला. आज अनेक जण तिला ‘नाला’ म्हणतात. २०१४ मध्ये उल्हासनगरात तिच्या पात्रात सोडलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो माणसांना रुग्णालय गाठावे लागले. दुसऱ्याच वर्षी उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गाजले.

१२/ आता १८६८ कडे परत येऊ. मंदिर टिकले ते दगड पक्का होता आणि पूजा अखंड होती म्हणून; पण ते कायद्याने जपले गेले, कारण कोणीतरी त्याची मोजमापे घेऊन ठेवली होती. कारखान्याच्या वाट्याला अशी रेखाटने आली नाहीत. काडेपेटीचा कारखाना बंद पडला आणि अंबरनाथ पश्चिमेला ‘विम्को नाका’ हे नाव तेवढे उरले. रिक्षाचालक ते दिवसातून कितीदा उच्चारतात, पण त्याचा अर्थ ठाऊक असलेली पिढी आता वृद्ध आहे. नदीचे तर ‘नदी’ हे नावही निसटू लागले आहे.

१३/ राजांचा इतिहास दगडावर कोरला जातो. कामगाराचा इतिहास पगाराच्या पावतीवर, युनियनच्या पत्रकावर, वसाहतीतल्या गणेशोत्सवाच्या छायाचित्रावर आणि रेशनकार्डाच्या पाठीमागे असतो. घर बदलताना पहिल्यांदा रद्दीत जातात ते हेच कागद. वाढत्या शहरात तर घरे रोजच बदलली जातात आणि जुन्या बैठ्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहतात.

१४/ म्हणून अंबरनाथला जाणाऱ्या इतिहासप्रेमींनी मंदिराची शिल्पे जरूर पाहावीत, पण तेथूनच परतू नये. नदीच्या काठाने थोडे चालावे. मग रूळ ओलांडून विम्को नाक्यावर जावे आणि एखाद्या वयस्क माणसाला विचारावे, कारखाना नेमका कोठे होता, पाळ्या कशा असत, घरातले आणखी कोण तेथे कामाला होते. उत्तरे तारखेसह वहीत उतरवून घ्यावीत आणि सांगणाऱ्याची संमती असेल तर ध्वनिमुद्रितही करावीत. १८६८ मधल्या मंडळींनीही मोजपट्टी आणि कागद एवढ्यावरच सुरुवात केली होती.