सोसणे आणि पेलणे

'दम' आणि 'ताकद' हे दोन्ही शब्द मराठीत बाहेरून आले. पहिला फारसीतून, दुसरा मूळचा अरबी. बोलताना आपण ते बऱ्याचदा एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांच्यातले अंतर साठीनंतर शरीर दाखवून देते.

आम्ही चौघे गेली पंचवीस वर्षे पहाटे टेकडीवर धावतो आहोत. एकवीस किलोमीटरचे अंतर आजही पार पडते. पण मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो, आणि तांदळाचे पोते हलवायचे तर शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. दम शाबूत आहे, ताकद ओसरते आहे.

याचे कारण स्नायूंच्या घडणीत आहे. त्यांत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात: सावकाश आकुंचन पावणारे, चिवट, आणि झटकन आकुंचन पावणारे, जोरकस. लांब पल्ल्याचे धावणे मुख्यतः पहिल्यांना राबवते. वयाबरोबर आक्रसतात ते विशेषकरून दुसरे. स्नायूंच्या या झिजेला १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. मांसाचे दारिद्र्य!

हे दारिद्र्य अटळ असले, तरी निरुपाय नव्हे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधील एका प्रयोगात मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा क्षीण वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. नऊ जणांनी तो क्रम पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीला जे साधते ते साठीला का साधू नये, या विचाराने आम्ही आठवड्यातून दोनदा व्यायामशाळेत जाऊ लागलो.

तेथील पंचविशीचा प्रशिक्षक आम्हांला 'काका' म्हणतो आणि तितक्याच आदराने दटावतो, "काका, घाई नको. पाठ सरळ." धावताना मन मोकाट सुटते; राहून गेलेला लेख, जुने वाद, सगळे सोबत पळत असते. वजनाखाली ती सवलत नाही. पाच वेळा उचलायचे आणि तीन मिनिटे स्वस्थ बसायचे. ते बसणेही व्यायामातच मोडते, हे पचनी पडायला आम्हांला वेळ लागला.

आपल्याकडे जोर-बैठकांच्या जागेला 'तालीम' म्हणतात आणि नाटकाच्या सरावालाही. अरबीत या शब्दाचा अर्थ शिकवण. आमची शिकवण उतारवयात सुरू झाली आहे. धावण्याने आम्हांला सोसायला शिकवले. लोखंड पेलायला शिकवते आहे. सोसणाऱ्याला केवळ टिकून राहायचे असते. पेलणाऱ्याला भार उचलून नीट खाली ठेवावाही लागतो. म्हातारपण सोसावे, असेच आपण ऐकत आलो. पुढची काही वर्षे ते पेलून पाहावे, एवढीच आमची इच्छा आहे.